मंडप तू काढायला लावलास, विजू

विजू,

तू गेल्याचं मला शिंदेमामांनी कळवलं. सकाळच्या डब्यांच्या पोळ्या चालू होत्या, हात पिठाचे, म्हणून फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. मामा म्हणाले, "प्रमिला, तुझी मैत्रीण गेली गं." कंपनी बंद पडली तेव्हापासून मामांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. विषय निघालाच तर ‘ती बाई’. आणि त्या दिवशी एकदम ‘तुझी मैत्रीण’. मी तवा उतरवला आणि स्टुलावर बसून राहिले. रडू आलं नाही. राग आला. म्हटलं, हिनं इथंही घाई केली. माझं बोलून झालं नव्हतं.

पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या. निष्ठावंत, लढाऊ, कामगार महिलांचा आधारवड. वाचून मला तू ओळखू आली नाहीस. मला आठवते ती मनपाच्या बसस्टॉपवरची विजू. मी खडकीहून यायचे, तू कसब्यातून चालत. तिथून कोथरूडची बस दोघींची एकच. जी आधी चढेल तिनं दुसरीसाठी सीटवर पर्स ठेवायची. एकदा एका गृहस्थांनी तुला विचारलं, "अहो बाई, ही पर्स तिकीट काढणार आहे का?" तू म्हणालीस, "काढलंय तिनं. तुमचं झालं का काढून?" सगळी बस हसली. मला तेव्हा वाटलं होतं, ही बाई आपल्या बाजूनं असलेली बरी.

आपली कंपनी विजेचे मीटर बनवायची. असेंब्लीत सगळ्या बायकाच. चकती बसवायची, आकड्यांची पट्टी लावायची, तपासून सील करायचं. दिवसभर मान खाली. माझी ज्योती तान्ही होती तेव्हा सासूबाई आजारी पडल्या आणि मुलीला ठेवायला कुणी उरलं नाही. मी तिला कडेवर घेऊन गेटवर आले. वॉचमन आत सोडेना. तू बाहेर आलीस, ज्योतीला माझ्या हातून घेतलंस आणि तडक वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन तिला त्यांच्या टेबलावर बसवलंस.

"साहेब, हिला जरा सांभाळा. आम्हाला आजचे मीटर पुरे करायचेत."

"विजयाबाई, हा काय तमाशा आहे?"

"तमाशा नाही साहेब, पाळणाघर. कायद्यानं कंपनीनं ठेवायचं असतं. तुमच्याकडे जागा नाही म्हणता, म्हणून इथं आणलं. टेबल मोठं आहे तुमचं."

ज्योतीनं साहेबांचा चष्मा ओढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्टोअरशेजारची खोली रिकामी झाली, तिला पंखा लागला, एक बाई नेमली गेली. किती जणींची मुलं त्या खोलीत वाढली, विजू. हे तुझं आहे. हे मी कुणालाही तुझ्याकडून काढून घेऊ देणार नाही, मला स्वतःलासुद्धा नाही.

माझी आई गेली तेव्हा तू खडकीला माझ्या माहेरच्या क्वार्टरमध्ये आलीस. आमचं घर बौद्ध, निळ्या झेंड्याचं. माझा भाऊ, दादा, अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत आणि वस्तीतल्या प्रत्येक सभेत पुढं. तुझं घर पहिल्यापासून दुसऱ्या टोकाचं. धर्म, परंपरा, देश आणि तुझा पक्ष. आमच्याकडे वंदना सुरू झाली तेव्हा तू हात जोडून मागं उभी राहिलीस. काही येत नव्हतं, तर ओठही हलवले नाहीस उगाच. मग स्वयंपाकघरात शिरलीस आणि आल्यागेल्याचा चहा रात्रीपर्यंत तूच केलास. दादा तेव्हा म्हणाला होता, "बाई चांगली आहे. पक्ष तेवढा चुकीचा आहे." मी तुला ते सांगितल्यावर तू म्हणालीस, "त्याला सांग, माझंही त्याच्याबद्दल हेच मत आहे."

असं होतं आपलं. रोज भांडायचो, रोज एका डब्यात जेवायचो.

कंपनीत शिंदेमामांची लाल बावट्याची युनियन होती. तू तुझ्या पक्षाची युनियन आणलीस. असेंब्लीतल्या बायका आधी तुझ्याकडे येईनात. त्यांना मी आणलं. एकेकीच्या घरी गेले. म्हटलं, झेंडा बघू नका, पाळणाघर बघा. निवडणूक आली तेव्हा तर मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या पक्षाला मत दिलं. पक्षाला कसलं, तुझ्याकडे बघून दिलं. आणि ते माहेरी जाऊन सांगितलंही. दादा जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं.

"मैत्री कर की. मत कशाला?"

"दादा, सरकार त्यांचं येतंच आहे. आपलं माणूस आत असलेलं बरं."

"ती आपलं माणूस नाही, प्रमिला. त्यांचं आहे."

मी त्याच्याशी कडाकडा भांडले. पुढं कित्येक महिने तो माझ्याशी बोलला नाही. तुला हे मी कधी सांगितलं नाही. तुझ्या आनंदावर विरजण कशाला, म्हणून. सरकार आलं त्या दिवशी तू असेंब्लीत पेढे वाटत होतीस, आणि मामांच्या हातावरही ठेवलास. "घ्या मामा. आता आपलं सरकार आहे." मामांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "ग्वाड हाय. बघू किती दिवस."

फार दिवस नाहीच लागले. मंदी आली, महागाई वाढली. पिंपरी-भोसरीकडं आज या गेटवर संप, उद्या त्या गेटला टाळं. सरकारी नोकरसुद्धा रस्त्यावर उतरले. मंत्री टीव्हीवर येऊन सांगायचे, तिजोरी आधीच्यांनी रिकामी केली, धीर धरा, देशासाठी पोटाला चिमटा घ्या. आमचे मीटर घेणारं सरकारी खातंच होतं. ते म्हणालं, पैसे नाहीत. ऑर्डरी थांबल्या. मग पगार लांबायला लागले. तोवर कंपनीच्या आजूबाजूला सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला होता. मालकांनी दुसऱ्या राज्यात करमाफी घेऊन नवा कारखाना टाकायचं ठरवलं, इथलं बंद करायला सरकारकडे परवानगी मागितली. एवढ्या माणसांची कंपनी सरकारच्या परवानगीशिवाय बंद करता येत नाही, हे तूच आम्हाला फळ्यावर लिहून समजावलंस. "परवानगी कोण देणार? आपलं सरकार. आणि ते देणार नाही."

मशिनं हलली की कंपनी गेली, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून गेटसमोर मंडप पडला. पहिली सतरंजी तू अंथरलीस. दिवसा बायका, रात्री पुरुष. ट्रक आला की सगळ्यांनी आडवं व्हायचं. संक्रांत आली तर तू मंडपातच हळदीकुंकू केलंस, बंदोबस्ताच्या पोलीस बायकांनाही बोलावलंस. विधवा म्हणून आपल्या असेंब्लीतली लता मागं सरकत होती, तिला हाताला धरून पहिलं कुंकू लावलंस. माझ्यापाशी आलीस तेव्हा करंडा मिटलास. आमच्यात हे नाही, हे तुला ठाऊक होतं. "तुला नुसता तिळगूळ. गोड तरी बोल." तो हिवाळा आठवला की आजही मला आधी सुखच वाटतं, बघ. नोकरी जायची वेळ आली होती आणि आम्ही हसत होतो, कारण तू होतीस.

मग तू मुंबईला मंत्र्यांना भेटायला गेलीस.

परत आलीस ती थेट मंडपात. चेहरा थकलेला. खुर्चीवर बसली नाहीस, उभ्यानंच बोललीस. "मंत्रीसाहेबांनी शब्द दिलाय. परवानगी मिळणार नाही. पण महापालिकेच्या निवडणुका तोंडावर आहेत. आपला मंडप रोज पेपरात येतोय, विरोधकांच्या हातात आयतं हत्यार जातंय. साहेबांचं एवढंच म्हणणं आहे, आजच्या आज मंडप काढा. बाकी ते बघतील."

शिंदेमामा उठले. "पोरी, मंत्र्याचा शब्द हाय, सातबारा न्हाय. लेखी दे म्हनावं, मग काढतो."

"मामा, माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर हाय. तुला ज्यानं धाडलं त्याच्यावर न्हाय."

लोकांची चुळबुळ सुरू झाली. मग बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तूसुद्धा बघितलंस. मी उठले आणि म्हटलं, "विजू सांगतेय तर काढूया." त्या दिवशी दुपारी बांबू सुटले. सतरंज्यांच्या घड्या तू आणि मी मिळून घातल्या. दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. घडी घालताना आपण दोघी जवळ आलो, तेव्हा तू माझ्या डोळ्यांत बघितलं नाहीस. मला वाटलं, दमलीय.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी मनपाच्या स्टॉपवर आले तर तू नव्हतीस. बसमध्ये तुझ्यासाठी पर्स ठेवली, ती सीट तशीच रिकामी गेली. कोथरूडला उतरले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोलिसांच्या गाड्या. गेट सताड उघडं. ट्रेलरवर आपली मशिनं, ताडपत्री घातलेली. टेस्टिंगचं बेंचसुद्धा. लता रस्त्यात आडवी झाली तर संक्रांतीला जिनं तिचा तिळगूळ घेतला होता त्याच पोलीसबाईनं तिला उचलून बाजूला केलं. त्या बाईच्या डोळ्यांतही पाणी होतं. गेटवर कागद लावला होता. सरकारनं परवानगी दिली होती.

मी तशीच तुझ्याकडे कसब्यात आले. तू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होतीस. मला बघून म्हणालीस, "मला माहीत नव्हतं पमे. मला फसवलं त्यांनी." आणि रडायला लागलीस. मी तुला जवळ घेतलं. मीही रडले. आपण दोघी तिथं फरशीवर बसून किती तरी वेळ रडलो.

त्या रडण्याचं मी काय करू, विजू? त्यातलं खरं किती होतं?

नंतरची वर्षं मी तुझी वकिली केली. लता माझ्या दारात येऊन ओरडली, "तुझ्या मैत्रिणीनं किती घेतले?" मी म्हटलं, एक पैसा घेतला नाही तिनं. तिलाही फसवलंय. आणि पैशाचं खरंच होतं. नोकरी आमच्यासारखी तुझीही गेली. तू ग्राहक भांडारात पुड्या बांधायला लागलीस, मी डबे द्यायला लागले. नागपूर-अमरावतीकडची पोरं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी कोथरूडला येऊन राहायची, त्यांना घरचं जेवण हवं असायचं. पक्षानं तुला नगरसेवकाचं तिकीटसुद्धा दिलं नाही. एका बिल्डरच्या बायकोला दिलं. तू तिच्याही प्रचाराला उन्हातान्हात फिरलीस. मला तुझी कीव यायची. दादाला मी म्हणायचे, बघ, ती आपल्यासारखीच निघाली, वापरून फेकलेली.

आपल्या कंपनीच्या जागेवर काचेची उंच इमारत झाली. गळ्यात पट्टे अडकवलेली मुलंमुली आतबाहेर करायची. त्यातली काही माझेच डबे घेणारी. एकदा डबे पोचवून बाहेर पडत होते तर समोरच्या टपरीवर तू. कसल्याशा कामासाठी त्या बाजूला आली होतीस. चहा घेतला. मी इमारतीकडे बघत सहज म्हणून गेले, "काय सफाईनं फसवलं ना मंत्र्यानं आपल्याला."

तू म्हणालीस, "आपल्याला नाही."

"म्हणजे?"

"मला नाही फसवलं. मला सांगितलं होतं त्यांनी. परवानगीवर सही आधीच झाली होती."

मला आधी कळलंच नाही. तू खाली बघत बोलत राहिलीस. सरकार नवं होतं, चहूबाजूंनी घेरलेलं. तिजोरीत काही नाही, गावोगाव संप. आपल्याच गेटवर आपलीच माणसं सरकारविरुद्ध बसली आहेत हे रोज दिसत राहिलं तर सरकार पडेल, मग पुन्हा तेच जुने येतील, इतक्या पिढ्यांनी केलेलं पाण्यात जाईल. एक कंपनी जाईल, सरकार राहील. असं ते म्हणाले.

"आणि तुला पटलं?"

"पटलं."

"मग त्या दिवशी रडलीस कशाला?"

"कंपनी माझीही होती, पमे."

"सरकार राहिलं का?"

"नाही राहिलं." पुढच्या निवडणुकीत पडलंच होतं ते. तू ग्लास खाली ठेवलास. "तू माझ्या जागी नव्हतीस."

"मी तुझ्या शेजारी होते," मी म्हटलं आणि निघाले.

तू पैसे खाल्ले असतेस तर बरं झालं असतं. खरंच सांगते. लोभ मला समजतो, माफ करता येतो. घरी अडचण होती, मोह झाला, असं म्हणून मी गिळलं असतं. पण तू स्वच्छ हातानं केलंस. तुझ्या श्रद्धेपोटी केलंस. जिच्या घरी येऊन तू हात जोडून उभी राहिलीस तिला, तिच्या बायकांना, त्या लताला, तू कुठल्याशा मोठ्या गोष्टीसाठी मोजून बाजूला ठेवलंस, आणि मग त्यांच्या गळ्यात पडून रडलीस. हे मी कुठल्या खणात ठेवू?

नंतर आपण बोललो नाही. मंडईत एकदा दिसलीस, मी दुसऱ्या गाळ्याकडे वळले. तूही हाक मारली नाहीस. मग या पावसाळ्यात तुझ्या केदारचा फोन आला. "मावशी, आई तुमचं नाव काढतेय. येऊन जा." आठवडाभर मी गेले नाही. मग गेले.

किती बारीक झाली होतीस. हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, राहत नव्हत्या म्हणून. तू ज्योतीचं विचारलंस. मी सांगितलं, हिंजवडीला नोकरी करते, कॉम्प्युटरवर, गाडी न्यायला येते दारात. तुझा चेहरा खुलला.

"बघ. झालं ना शेवटी चांगलं?"

मला चीड आली. आजारी माणसासमोर येऊ नये, पण आली. "तिचं चांगलं झालं म्हणून माझं झालं ते बरोबर ठरतं का? लताचा मुलगा वॉचमन आहे तसल्याच एका इमारतीत. त्याचं काय?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तेच म्हणालीस."

रस्त्यावर तांबटांचा भांडी ठोकल्याचा आवाज येत होता. मग तू विचारलंस, "माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

"तुला येऊन सांगितलं असतं. सगळ्यांना सांगितलं असतं. मग ठरवलं असतं मिळून."

"तू सांगितलं असतंस तर मंडप हलला नसता."

"नसताच हलला."

"म्हणून नाही सांगितलं."

एवढं सरळ तू मला कधीच काही सांगितलं नव्हतंस. मला वाटलं, आता पुढचं बोलशील. माफी नको होती मला. तुझ्या तोंडून फक्त एवढं हवं होतं, की सतरंजीची घडी घालताना तुला काही वाटलं होतं. केदार औषध घेऊन आत आला. तू तोंड उघडून गोळी घेतलीस आणि डोळे मिटलेस. मी म्हटलं, येते पुढच्या आठवड्यात. मी येणारच होते, विजू. मी काय काय बोलायचं ते पोळ्या लाटताना जुळवतही होते.

काल तुझी शोकसभा झाली. मी मागं बसले होते. शिंदेमामा आले होते, काठी टेकत. लताही आली होती. का आलीस म्हणून मी तिला विचारलं नाही. मोठमोठी माणसं बोलली. तू पोस्टर कशी चिकटवायचीस, पोलिसांच्या लाठ्या कशा खाल्ल्यास. कंपनीचं नाव कुणी काढलं नाही. शेवटचे वक्ते म्हणाले, "विजयाताईंनी पक्षाला आपलं सर्वस्व दिलं." टाळ्या वाजवायची जागा नव्हती तरी दोघांनी वाजवल्या. मी मनात म्हटलं, हो, दिलं. त्या सर्वस्वात आम्हीही होतो.

केदार माझ्यापर्यंत आला. "मावशी, दोन शब्द बोला ना. तुमच्याइतकं जवळचं कोणी नव्हतं तिला." त्याला यातलं काही ठाऊक नाही. मला नाही म्हणता आलं नाही.

माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "विजू माझी मैत्रीण होती. आम्हा बायकांना तिनं पाळणाघर मिळवून दिलं. आणि गेटवरून आम्हाला तिनंच उठवलं. सही झालेली तिला माहीत होती. दोन्ही तिनंच केलं."

पुढच्या रांगेतल्या एकानं घड्याळाकडे बघितलं. केदारची मान खाली गेली, त्याचं मला वाईट वाटलं. मी लगेच खाली उतरले नाही. माइकजवळच उभी राहिले थोडा वेळ. वाटलं, आता कुणीतरी ताडकन उठेल, पदर खोचेल, आणि म्हणेल, "ए पमे, अर्धवट सांगू नकोस." मी वाट बघितली.

कुणी उठलं नाही.